बारा नाण्यांचा न्याय

मराठी बोलण्यात नाण्याला मोठा मान आहे. सचोटीच्या माणसाला आपण खणखणीत नाणे म्हणतो. कोणाची खात्री पटवायची असेल तर त्याला वाजवून घेतो. आणि मुलाने निराशा केली, की वैतागलेले वडील 'आमचेच नाणे खोटे, दुसऱ्याला काय बोलणार?' असे म्हणून मोकळे होतात. या तिन्ही वाक्प्रयोगांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ठरवायचे कशाच्या आधारावर?

गणितात या प्रश्नावर एक सुंदर कोडे आहे. शाळेच्या स्मरणिकेत सहसा आठवणी, मनोगते आणि अहवाल असतात. गणिताच्या आम्हा शिक्षकांच्या वाट्याला दोन-चार पाने आली, तेव्हा त्यांत हे कोडे उलगडून दाखवावे असे आम्हाला वाटले. कोडे सोडवायला बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही. लागतो तो संयम, आणि पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे न जाण्याची शिस्त. निवासी शाळेत शेकडो मुले एका छपराखाली राहतात, तेथे ही शिस्त केवळ गणिताच्या तासापुरती उरत नाही.

नाण्यांची पारख

खोटे नाणे हे नाण्याइतकेच जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला 'रूपदर्शक' म्हटले आहे आणि खोट्या नाण्याला 'कूटरूप'. राज्याला असा स्वतंत्र अधिकारी नेमावा लागतो, याचाच अर्थ कूटरूपांचा उपद्रव तेव्हाही मोठा होता.

आपले आचोळे नालासोपाऱ्याच्या पूर्वेला. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, पश्चिमेला, 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप आहे. पालि साहित्यातील 'सुप्पारक' ते हेच सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या स्तूपाचे उत्खनन केले. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि त्यांभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती मिळाल्या. त्यासोबत एक छोटे चांदीचे नाणेही मिळाले. ते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे होते. स्तूपाचा काळ ठरवताना अभ्यासकांना या नाण्याचा आधार झाला. नाणे खरे असेल आणि ते नीट वाचले, तर ते अनेक शतकांनंतरही साक्ष देते. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आणखी एक नाते सांगायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये जो प्रबंध लिहिला आणि जो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच मुळी रुपया हा होता. भारतीय चलनाचा प्रश्न कसा निर्माण झाला आणि तो कसा सोडवावा, याची चिकित्सा त्यांनी त्यात केली. पुढे चलनविषयक शाही आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. नाण्याकडे श्रद्धेने नव्हे, तर पुराव्याने पाहण्याची ही परंपरा आपलीच आहे.

आधी सोपे कोडे

समजा, नऊ नाणी आहेत. सगळी दिसायला सारखी. त्यांतील एक खोटे असून ते इतरांपेक्षा हलके आहे. आपल्याजवळ दोन पारड्यांचा तराजू आहे, पण वजने नाहीत. तराजू फक्त एवढेच सांगतो, की डावे पारडे खाली गेले, उजवे खाली गेले किंवा दोन्ही समतोल राहिली. कमीत कमी किती वेळा तोलून खोटे नाणे सापडेल?

बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो निम्मे-निम्मे करण्याचा. चार इकडे, चार तिकडे आणि एक बाजूला. त्या मार्गाने उत्तर मिळते, पण तीन वेळा तोलावे लागू शकते. त्याऐवजी तीन-तीनचे तीन गट करावेत. दोन गट पारड्यांत घालावेत, तिसरा खाली ठेवावा. एक पारडे वर गेले, तर खोटे नाणे त्या पारड्यात. दोन्ही समतोल राहिली, तर ते खाली ठेवलेल्या गटात. एका तोलण्यात नवातून तीन उरली. या तिनांपैकी एक इकडे, एक तिकडे आणि एक खाली, की दुसऱ्या तोलण्यात उत्तर हाती येते.

यातील मर्म असे, की तराजूला दोन नव्हे, तीन उत्तरे देता येतात. 'समतोल' हेही उत्तरच आहे. जे पारड्यात घातले नाही, त्याबद्दलही तराजू बोलतो. म्हणून दर तोलण्यात संशयितांची संख्या एक तृतीयांशावर आणता येते. दोनदा तोलून नऊ नाणी, तीनदा तोलून सत्तावीस, चारदा तोलून एक्याऐंशी. अशाच स्वरूपाचे एक कोडे ई. डी. शेल यांनी १९४५ साली अमेरिकेतील एका गणितविषयक नियतकालिकात मांडले होते. त्यात आठ नाणी होती.

खरे कोडे

आता मूळ कोड्याकडे वळू. नाणी बारा आहेत. त्यांतील एक खोटे आहे, पण ते हलके आहे की जड, हे ठाऊक नाही. केवळ तीन वेळा तोलून खोटे नाणे शोधायचे आणि ते हलके की जड हेही सांगायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या कोड्याने अनेक गणितज्ञांची झोप उडवली. पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले फ्रीमन डायसन यांनी १९४६ साली, ऐन तारुण्यात, या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर प्रसिद्ध केले.

तोलायला सुरुवात करण्याआधी मोजून घेऊ. बारापैकी कोणतेही नाणे खोटे असू शकते, आणि प्रत्येक नाणे जड किंवा हलके असू शकते. म्हणजे शक्यता चोवीस. तराजू प्रत्येक वेळी तीनपैकी एक उत्तर देतो, म्हणून तीन तोलण्यांत त्याची उत्तरे ३ × ३ × ३, म्हणजे सत्तावीस प्रकारे येऊ शकतात. सत्तावीस घरांत चोवीस शक्यता बसवायच्या आहेत. जागा आहे, पण ऐसपैस नाही. एकही तोलणे वाया घालवून चालणार नाही.

पहिल्या तोलण्यात प्रत्येक पारड्यात किती नाणी घालावीत? उरलेल्या दोन तोलण्यांत जास्तीत जास्त नऊ शक्यता वेगळ्या करता येतात. प्रत्येक पारड्यात पाच नाणी घातली आणि तराजू कलला, तर दहा शक्यता उरतील: खाली गेलेल्या पाचांपैकी एक जड किंवा वर गेलेल्या पाचांपैकी एक हलके. दहा म्हणजे नवापेक्षा जास्त. तीन-तीन घातली आणि तराजू समतोल राहिला, तर बाहेरची सहा नाणी संशयित उरतील. त्यांच्या शक्यता बारा, म्हणजे याहूनही जास्त. चार-चार घातली, तर तराजू कलल्यास आठ शक्यता उरतात आणि समतोल राहिल्यासही बाहेरच्या चार नाण्यांच्या आठच. म्हणून चार-चार हाच एकमेव मार्ग आहे. इथे अंदाजाला वाव नाही.

उकल

नाण्यांना १ ते १२ असे क्रमांक देऊ.

पहिले तोलणे: डाव्या पारड्यात १, २, ३, ४ आणि उजव्या पारड्यात ५, ६, ७, ८.

*तराजू समतोल राहिला तर* ही आठही नाणी खरी. आता ती आपली साक्षीदार झाली. संशय उरला तो ९, १०, ११ आणि १२ यांच्यावर. दुसऱ्या तोलण्यात डावीकडे ९, १०, ११ घालावीत आणि उजवीकडे खरी ठरलेली १, २, ३.

— समतोल राहिला, तर खोटे नाणे १२. तिसऱ्यांदा १२ ला १ समोर तोलावे. १२ खाली गेले तर जड, वर गेले तर हलके.

— डावे पारडे खाली गेले, तर ९, १०, ११ यांपैकी एक जड आहे. तिसऱ्यांदा ९ आणि १० एकमेकांसमोर तोलावीत. जे खाली जाईल ते खोटे. समतोल राहिल्यास ११ खोटे.

— डावे पारडे वर गेले, तर याच तिघांपैकी एक हलके आहे. पुन्हा ९ आणि १० तोलावीत. जे वर जाईल ते खोटे. समतोल राहिल्यास ११.

*पहिल्या तोलण्यात डावे पारडे खाली गेले तर* १, २, ३, ४ यांपैकी एक जड असेल किंवा ५, ६, ७, ८ यांपैकी एक हलके असेल. ९ ते १२ निर्दोष ठरली. कोड्यातील खरी अवघड जागा ही. इथे काही नाणी पारडे बदलतात आणि काही तराजूबाहेर येतात. दुसऱ्या तोलण्यात डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ४, ६ घालावीत. ७ आणि ८ खाली ठेवावीत.

— समतोल राहिला, तर पारड्यांतील सहाही नाणी खरी. म्हणजे ७ किंवा ८ हलके आहे. दोघांना समोरासमोर तोलावे. जे वर जाईल ते खोटे.

— डावे पारडे खाली गेले, तर १ किंवा २ जड आहे, नाहीतर ६ हलके आहे. १ आणि २ तोलावीत. जे खाली जाईल ते खोटे आणि जड. समतोल राहिल्यास ६ खोटे आणि हलके.

— उजवे पारडे खाली गेले, तर ३ किंवा ४ जड आहे, नाहीतर ५ हलके आहे. ३ आणि ४ तोलावीत. जे खाली जाईल ते खोटे आणि जड. समतोल राहिल्यास ५ खोटे आणि हलके.

*पहिल्या तोलण्यात उजवे पारडे खाली गेले तर* रीत हीच. फक्त 'जड' असेल तेथे 'हलके', 'हलके' असेल तेथे 'जड', आणि 'खाली' असेल तेथे 'वर' असे वाचावे.

बारा नाणी, चोवीस शक्यता आणि तीन तोलणी. उत्तर दरवेळी निश्चित मिळते, नशिबाचा संबंध येत नाही. नाणी तेरा असती, तर मात्र हे जमले नसते. चार-चार तोलल्यावर बाहेर पाच नाणी उरतात, म्हणजे दहा शक्यता, आणि दोन तोलण्यांत नवांच्या वर जाता येत नाही. तेरांतील खोटे नाणे कोणते, एवढे सांगता येते. पण ते जड की हलके, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. डायसन यांच्या निष्कर्षानुसार चार तोलण्यांत एकोणचाळीस आणि पाच तोलण्यांत एकशे वीस नाण्यांपर्यंत दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

रिकामे घर

सत्तावीस घरांपैकी चोवीस भरली. उरलेल्या तिनांचे काय झाले? त्यांपैकी दोन घरांत तराजू कधीच पोहोचू शकत नाही. उदाहरणार्थ, पहिल्यांदा तराजू कलला, दुसऱ्यांदा समतोल राहिला आणि ७ व ८ तोलल्यावरही समतोलच राहिला, असे होणे अशक्य आहे. कारण मग पहिल्यांदा तो कललाच कशाने?

तिसरे घर मात्र वेगळे आहे. तिन्ही वेळा तराजू समतोल राहिला, तर? तेव्हा बाराही नाणी खरी आहेत, असा त्याचा अर्थ. कोणीतरी आपल्याला 'यात एक खोटे आहे' असे सांगितले होते आणि ते सांगणेच खोटे होते. आमच्या मते या कोड्याची सर्वांत मोलाची जागा हीच. चांगली तपासपद्धत दोषी शोधते, पण 'दोषी कोणीच नाही' या उत्तरासाठीही एक घर राखून ठेवते. ज्या चौकशीत हे घर नसते, ती चौकशी कोणाला ना कोणाला दोषी ठरवूनच थांबते.

तराजूबाहेरची नाणी

काही वर्षांपूर्वी दहा रुपयांच्या काही नाण्यांविषयी अफवा पसरली. ठरावीक नक्षीची नाणी खोटी आहेत, असे म्हणत अनेक दुकानदार आणि रिक्षाचालक ती घेईनात. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की तोपर्यंत निघालेल्या चौदाही नक्ष्यांची नाणी वैध आहेत. नाणे बदलले नव्हते. कोणी ते तोलले नव्हते, कोणी बँकेत नेऊन विचारले नव्हते. दुसरा घेत नाही म्हणून आपण घ्यायचे नाही, एवढाच काय तो पुरावा.

अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्त, ज्याला आपण कालाम सुत्त म्हणतो, ते नेमके याच ठिकाणी आपल्याला थांबवते. एखादी गोष्ट कानोकानी आली, परंपरेने चालत आली, ग्रंथात लिहिलेली आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्याने ती स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावी, असा भगवान बुद्धांचा कालामांना उपदेश आहे.

पण पारख पुरेशी नाही, हे सेरिवाणिज जातक सांगते. एका गरीब आजीच्या घरी काजळी चढलेले एक ताट पडून होते. पहिल्या फेरीवाल्याने सुईने रेघ ओढली आणि ते सोन्याचे असल्याचे त्याला कळले. तरीही कवडीमोल म्हणून त्याने ते टाकून दिले, म्हणजे पुढे फुकटात मिळवता येईल. दुसऱ्या फेरीवाल्यालाही तेच कळले आणि त्याने खरी किंमत सांगितली. परीक्षा दोघांचीही अचूक होती. सांगण्यात फरक पडला. तराजू बरोबर असून चालत नाही, तो धरणारा हातही स्वच्छ हवा. म्हणूनच जुने व्यापारी तोलण्याआधी रिकामी पारडी उचलून पासंग पाहत असत.

आता या कोड्याची सर्वांत गंभीर बाजू. आपल्या देशात माणसांच्या बाबतीत तराजू न उचलताच निकाल दिले गेले. १८७१ साली ब्रिटिश सरकारने असा कायदा केला, की ज्याच्या आधारे संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मूल पाळण्यात असतानाच खोटे नाणे ठरले. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण कपाळावरचा शिक्का कायद्याइतक्या सहज पुसला गेला नाही. अस्पृश्यतेनेही हेच केले होते. कोणाला विहिरीवर येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे पारड्यात काहीच न घालता ठरवले जात होते. आमच्या वसतिगृहात येणारी कितीतरी मुले अशा घरांतून येतात, ज्यांच्या आजी-आजोबांना कोणीही कधीही तोलून पाहिले नव्हते.

म्हणून निवासी शाळेत एखादे पेन, एखादे घड्याळ किंवा खाऊचे पैसे हरवतात, तेव्हा परीक्षा मुलांची नसते, आम्हा मोठ्यांची असते. 'हे काम त्याचेच असणार' असे कोणीतरी म्हणतेच. तो नवा असतो, गरीब असतो, अबोल असतो किंवा त्याचे आडनाव वेगळे असते. त्या क्षणी पहिल्या तोलण्याची आठवण व्हावी. सुरुवातीला बाराही नाणी सारखी असतात. कोणतेही एक उचलून बाजूला ठेवायला आपल्याजवळ काहीही कारण नसते. प्रत्येक टप्प्यावर जी निर्दोष ठरली, त्यांना तत्काळ संशयातून मोकळे करायचे असते. आणि तिन्ही वेळा तराजू समतोल राहिला, तर वस्तू हरवली एवढेच खरे मानायचे असते.

पालकांनाही एक विनंती. एका चाचणीतले गुण हे एक तोलणे आहे. एका तोलण्याने बारा नाण्यांचा निकाल लागत नाही, मग मुलाचा कसा लागेल? 'आमचेच नाणे खोटे' हे वाक्य उच्चारण्याआधी आपण किती वेळा आणि कशासमोर तोलले, हे स्वतःला विचारावे. याच जिल्ह्यातील डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोपर्यंत आपल्याकडील अनेकांनी त्यांच्या कामाला फारसे वजन दिले नव्हते.

घरी करून पाहण्यासाठी

हे कोडे वाचून विसरण्यासाठी नाही, हातांनी करून पाहण्यासाठी आहे. एकाच प्रकारच्या बारा रिकाम्या काड्यापेट्या घ्याव्यात. अकरांत एकाच प्रकारचे एकेक नाणे ठेवावे. बाराव्या पेटीत दोन ठेवावीत किंवा ती रिकामीच ठेवावी. नाणी एकाच मालिकेतील असावीत, कारण एकाच किमतीच्या वेगवेगळ्या मालिकांतील नाण्यांच्या वजनात फरक असतो. नाणी खुळखुळू नयेत म्हणून प्रत्येक पेटीत थोडा कापूस भरावा. पेट्या घरातील दुसऱ्या कोणीतरी भराव्यात आणि सोडवणाऱ्याने त्या हलवून पाहू नयेत. कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना समान लांबीच्या दोऱ्यांनी दोन द्रोण बांधले, की तराजू तयार. आधी रिकामे द्रोण समतोल आहेत का, ते पाहावे. मगच पहिली चार-चार नाणी ठेवावीत.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना हे कोडे घालावे, पण उत्तर लगेच सांगू नये. एक दिवस जाऊ द्यावा, हवा तर आठवडा. मूल चार-चारऐवजी सहा-सहा ठेवील, तेव्हा 'चुकले' न म्हणता 'आता किती शक्यता उरल्या?' एवढेच विचारावे. आणि कधीतरी, मुलाला न सांगता, बाराही पेट्यांत एकेकच नाणे ठेवावे. तिसऱ्या तोलण्यानंतर ते गोंधळून आपल्याकडे पाहील. 'यात खोटे कोणतेच नाही' हे उत्तर त्याला स्वतःला सापडेपर्यंत वाट पाहावी.